नव्या पिस्टनचे दिवस

आबांची मोटरसायकल सुरू झाली की पुढच्या चाळीतल्या खिडक्या बंद व्हायच्या. धूर येतो, असं तिथल्या बायका म्हणायच्या, आणि धूर येत होता हे खरंच. पण गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर दिवसभर त्याच खिडक्यांतून आत जायचा, त्याला कोणी कधी खिडकी लावली नाही. आबांना हे कळत होतं. गाडी सुरू केल्यावर ते लगेच निघत नसत. अंगणात उभी ठेवून तिला गरम होऊ देत, वाकून कान लावत, कार्बोरेटरचा एक स्क्रू किंचित फिरवत, पुन्हा कान लावत. "थंड इंजिन पळवलं की आतून झिजतं," ते मला सांगायचे, आणि मग पुढच्या चाळीकडे तोंड करून जरा मोठ्यानं म्हणायचे, "म्हणून थांबावं लागतं."

चिंचपोकळीच्या त्या गल्लीत समोरासमोर दोन चाळी होत्या, मध्ये अंगण आणि अंगणात एक नळ. पुढची चाळ मालवणाकडच्या मराठ्यांची, मागची आमची. नळ एकच, पण आमच्या पाळीनंतर त्यांच्या बायका तो राखेनं घासून घ्यायच्या, तोंडानं काही न बोलता. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आईनं देव्हाऱ्यातले देव एका पिशवीत बांधून समुद्रात सोडून दिले होते आणि त्या कोनाड्यात बुद्धाची वीतभर मूर्ती ठेवली होती. मूर्तीच्या शेजारी आबांनी गाडीचा जादाचा जुना मॅग्नेटो ठेवला. ठिणगी पाडणारं ते यंत्र ओल धरतं, आणि आमच्या गळक्या खोलीत चुलीच्या वरचा तो कोनाडा एवढीच कोरडी जागा होती. आईला आधी ते रुचलं नाही. मग रोज सकाळी मूर्ती पुसताना ती मॅग्नेटोही पुसायला लागली.

आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. भोंगा झाला की ती चुलीवरून उठायची, निम्मी भाकर तव्यावर माझ्यासाठी सोडून. घरी यायची ती केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापसाचे तंतू घेऊन. नळावर तोंड धुऊन आत आली की स्टोव्हला पंप मारायचा तो आवाज, मग तव्यावर सुकट भाजल्याचा वास, आणि त्यात मिसळलेला आबांच्या हातांचा रॉकेलचा वास. आज परळच्या उंच इमारतीत माझ्या स्वयंपाकघरात चिमणी बसवलेली आहे, ती सगळे वास ओढून घेते. मला या घरात जेवण झालं की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, ते रॉकेलच असावं.

आबा लढाईत डिस्पॅच रायडर होते. म्हणजे एका ठाण्याचा निरोप दुसऱ्या ठाण्याला मोटरसायकलवरून पोचवायचा. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही एक. विलायती, एका सिलिंडरची, हिरवा रंग उडालेली. तिच्यावर बसून ते एकदा खेडजवळच्या आमच्या गावी गेले होते. त्या गावात आमच्या माणसानं पायातलं हातात घेतल्याशिवाय वरच्या आळीतून जायचं नसे. आबा बूट घालून, गाडीवरून न उतरता, वरच्या आळीतून गेले. आजोबांनी इतका धसका घेतला की त्यांना घरात पाणीही पिऊ न देता तसंच मुंबईला परत धाडलं. आबा ही गोष्ट फार सांगत नसत. आई सांगायची, आणि सांगताना दर वेळी बुटांना पॉलिश केलेलं असायचं.

पण हौस म्हणून गाडी ठेवणारा माणूस आणि आबा यांत फरक होता. ते गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कुठलंही यंत्र कधी मरतं हे बघण्यातच त्यांचा दिवस जायचा. "लष्करात गाडी लढाईपुरती टिकली म्हणजे झालं, असा हिशेब," ते म्हणायचे. "मला ही तुझ्या पोरांपर्यंत चालवायची आहे." म्हणून ते ती नुसती दुरुस्त करत नसत, बदलत असत. तेल परत टाकीत येतं त्या नळीत त्यांनी नमद्याची गाळणी बसवली होती, मूळ गाडीत ती नव्हतीच. जिथे लोखंडावर लोखंड घासत होतं तिथे पितळेचं बुश घातलं होतं. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. हातात पांढरे मोजे घालून त्यानं गाडी सगळीकडून पाहिली आणि विचारलं, "आजी, ओरिजिनल किती टक्के?" मी म्हटलं, "ओरिजिनल राहिली असती तर तुला म्युझियममध्ये जावं लागलं असतं. किक मार." एका किकमध्ये सुरू झाली. तरी तो जरा हिरमुसलाच.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नर्सिंगला घालायचं की लग्न लावायचं, यावर मोठ्यांची बोलणी चालली होती. आमच्या गल्लीत त्या दिवसांत भिंतीचा एकही तुकडा कोरा नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे पुढच्या चाळीच्या भिंतीवर होतं आणि आमच्याही. दोन्हीकडे डांबर एकाच डब्यातलं, अक्षर मात्र आमच्याकडचं चांगलं, कारण ते माझं होतं. आबा पाळी सुटायच्या वेळी मोटरसायकलवरून या गिरणीच्या फाटकावरून त्या फाटकावर पत्रकांचे गठ्ठे पोचवायचे. लष्करात केलेलंच काम, फक्त साहेब नव्हता. गाडीचा आवाज लालबागपासून परळपर्यंत ओळखीचा झाला. त्यामुळे तो पोलिसांच्याही ओळखीचा झाला.

एका मोर्च्यात आबांच्या उजव्या गुडघ्यावर लाठी बसली. लोकांनी त्यांना पाठुंगळी घेऊन परळच्या इस्पितळात नेलं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घालून ते घरी आले तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा पाय चालेल, पण पूर्वीसारखा वाकणार नाही. मोटरसायकलची किक उजव्या पायानं मारतात. आबा खाटेवर पडून अंगणाकडे बघत राहिले, आणि अंगणात गाडी धूळ खात राहिली.

दुसऱ्या आठवड्यात नामूकाका आले. आबांचे धाकटे भाऊ, नायगावला राहायचे. प्रेमळ माणूस, पण प्रेम भीतीच्या वाटेनं करायचा. ते म्हणाले, "दादा, पाय गेला. आता तरी ही बला भंगारात घाल. उद्या पोलीस दारात येतील. घरात उजवायची पोर आहे."

मीच उठले, अंगणात गेले आणि किक मारली. माझं वजन जेमतेम, आणि त्या एकाच सिलिंडरचा धक्का असा की किक उलटी फिरली आणि मी नळापाशी जाऊन पडले. पुढच्या चाळीत कोणीतरी हसलं. नामूकाका धावत आले. "झालं समाधान? पोरीची जात आहेस तू, शालन!" माझ्या पोटरीला एवढं मोठं टेंगूळ आलं होतं. खाटेवरून आबांचा आवाज आला, "हँडलवर डावीकडे एक छोटा दांडा आहे, तो पूर्ण मागे घे. ठिणगी उशिरा पडेल, मग लाथ बसणार नाही. मग किक हळू खाली ने, अडेल तिथे दुसरा दांडा दाब, आतला दाब सुटेल, किंचित पुढे ने. दांडा सोड. आता मार." मी तसं केलं. ती धडधडली. खिडक्या फटाफट बंद झाल्या. काका कपाळाला हात लावून खाली बसले.

त्या दिवशी इंजिन चालू असताना आबा डोळे मिटून ऐकत होते. बंद केल्यावर म्हणाले, "निळा धूर निघतोय का?" मी हो म्हटलं. "आणि पिस्टन आत टाळ्या वाजवतोय. सिलिंडर झिजला. ही अशी चालवली तर वर्षभरात संपेल." मग म्हणाले, "माझे हात चालतात, पाय नाही. तुझं सगळंच चालतं. उघडायची का?"

आम्ही ती उघडली. अंगणात गोणपाटं पसरली. आबा एका गोणपाटावर भिंतीला टेकून, प्लॅस्टरचा पाय पुढे सोडून बसायचे. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे एकेक नट सोडवायची आणि रॉकेलच्या परातीत धुऊन ओळीनं मांडायची. चुकीचा पाना उचलला की ते बोलत नसत, फक्त हात पुढे करत नसत. सिलिंडर सुटून आला तेव्हा त्यांनी मला आत बोट घालायला सांगितलं. वरच्या टोकाला नखाला एक कड अडली. पिस्टन जिथे खालीवर होतो तेवढा भाग झिजून रुंद झाला होता, आणि वरचा न झिजलेला भाग तसाच राहिला होता. "ही कड म्हणजे गाडीचं वय," आबा म्हणाले.

सिलिंडर पिशवीत घालून मी गिरगावला घेऊन गेले. खोताच्या वाडीजवळ फ्रान्सिसकाकांची शेड होती. ते मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, ईस्ट इंडियन, लढाईत आबांच्याच तुकडीच्या वर्कशॉपमध्ये होते. घरी गेलं की त्यांची बायको आधी पोटात काहीतरी घालायची, मग कामाचं बोलू द्यायची. फ्रान्सिसकाकांनी सिलिंडर उजेडात धरला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तेलानं नाय झालं, शालन. धूळ खाऊन झालं. तुमच्या तिकडं हवेत आहे काय एवढं?"

घरी परतताना मला उत्तर सुचलं. आई त्याच वेळी पाळीवरून येत होती, भुवयांवर तंतू घेऊन. खात्यात ती नाकातोंडावर पदराचा दुहेरी पट्टा बांधायची, तो अजून गळ्यात लोंबत होता. जी हवा आई घेत होती तीच इंजिन घेत होतं, आणि त्याच्या तोंडावर नुसती एक जाळी होती. मी जेवताना आबांना म्हटलं, "इंजिनाच्या नाकाला आपण कापड बांधू."

"गुदमरेल," आबा म्हणाले. "त्याला श्वास लागतो."

"आई गुदमरते का?"

"तुझी आई सिलिंडर आहे का?"

आई भाकरीवर ठेचा वाढत म्हणाली, "सिलिंडर बरा. त्याला बदली मिळते." आबांनी परवानगी दिली नाही, आणि मी मागितली नाही. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा घेऊन मी त्याला खिळ्यानं सगळीकडून भोकं पाडली आणि आत फ्लॅनेलचे तेलात भिजवलेले पदर गुंडाळले. आबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिला डबा लहान पडला आणि पुढे जोडणी झाल्यावर इंजिन खरंच गुदमरलं. मग मी दुप्पट मोठा डबा घेतला. आबांनी त्यावर बोट फिरवलं, कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी एक बारीक जेट बदलली आणि म्हणाले, "दिसायला वाईट आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. आजही गाडीला डबाच आहे, अर्थात पत्रा नंतरचा.

पोलीस आले ते सिलिंडर बोअर होऊन, म्हणजे आतून कापून रुंद होऊन, नव्या मोठ्या पिस्टनसकट परत आल्याच्या दुसऱ्याच सकाळी. सगळी गाडी अंगणात सुटी पडली होती. पुढच्या चाळीत पहिल्या मजल्यावर गोदाकाकू राहायच्या. नवरा गिरणीत, स्वतः खाणावळ चालवायच्या, आवाज भोंग्यासारखा. आमच्याशी त्यांचं बोलणं नळापुरतं. त्या गॅलरीत सुके बांगडे पसरत होत्या. तिथून गल्लीचं तोंड दिसायचं. त्या एकदम ओरडल्या, "गो शालन! पोलीस इले गो! उचल तां सगळा!"

मी आधी हलूच शकले नाही. आई मात्र हलली. तिनं नवा पिस्टन बसवलेला सिलिंडर पोटाशी धरला आणि वळली, पण कुठे जायचं? आमच्या खोलीची झडती पोलीस सगळ्यात आधी घेणार हे उघड होतं. वरून गोदाकाकू म्हणाल्या, "हय आण!" आई जिना चढून त्यांच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याशी थांबली. त्या उंबऱ्याच्या आत आमच्यातलं कोणी कधी गेलं नव्हतं. मी खालून पाहत होते. गोदाकाकूंच्या हातात बांगडा होता. त्यांनी एक क्षण आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भायर कित्याक उबी रवलंस? भितर ये." आईनं पायातलं काढलं आणि आत गेली.

मग सगळं भराभर झालं. पेट्रोलची टाकी, गिअरबॉक्स, चाकं, एकेक वस्तू एकेका बाईच्या कडेवर, पदराआड, कळशीच्या आड, दोन्ही चाळींत वर चढली. ज्या खिडक्या इंजिनाच्या आवाजानं बंद व्हायच्या, त्यांतून हात बाहेर येत होते. राहिला नुसता सांगाडा. तो एकट्यानं उचलण्यातला नव्हता. मी त्याच्यावर धुतलेल्या गोधड्या वाळत घातल्या.

फौजदार दोन शिपायांना घेऊन आत आला. तरुण होता, इस्त्रीच्या कपड्यांतला. "मोटरसायकल कुठाय?"

आबा खाटेवर उठून बसले. त्यांनी पंचशील घेतलं होतं आणि खोटं बोलायचं नाही हे शील ते फार मनावर घ्यायचे. ते म्हणाले, "साहेब, जी चालते ती मोटरसायकल. चालेल अशी गाडी आज या अंगणात नाही. बघून घ्या."

शिपायांनी आमची खोली उलथीपालथी केली. कोनाड्यातला मॅग्नेटो एकानं उचलून पाहिला. "हे काय?" मी म्हटलं, "ते देवाजवळचं आहे." त्यानं तो घाईनं जागेवर ठेवला. शील माझंही मोडलं नाही, तो होताच देवाजवळ. पण फौजदारानं गोधडी उचलली आणि सांगाडा बघितला. "हे काय मग? इंजिन कुठे आहे याचं?"

"झिजलं होतं. उघडलं," मी म्हटलं.

"उघडून कुठे ठेवलं?"

मी गोधडी पुन्हा सांगाड्यावर ओढली. त्यानं वर पाहिलं. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्यांत बायका उभ्या होत्या, एकही आत गेली नव्हती. तो तरातरा पुढच्या चाळीचा जिना चढला आणि पहिल्याच दारापाशी पोचला. तिथे गोदाकाकू विळी घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या, वाट पूर्ण अडवून.

"बाई, बाजूला व्हा. आत बघायचंय."

"माज्या रांदपात परक्याचो पाय लागाचो नाय," गोदाकाकू म्हणाल्या. "बाटता तां. चाळीस माणसांचा जेवान आसा. तुमी बाटवलास तर तुमी रांदून घालतलास?"

खाली पुरुष जमायला लागले होते, रात्रपाळी करून झोपलेले, चिडलेले. फौजदारानं विळीकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि तो उतरला. अंगणातून जाताना माझ्यासमोर थांबून म्हणाला, "ही गाडी रस्त्यावर दिसली की त्याच जागी जप्त करीन."

ते गेल्यावर आई खाली आली. सिलिंडर अजून तिच्या कडेवर होता. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं, आणि ते हसण्याचं नव्हतं. "बाटतं म्हणाली गं," ती म्हणाली, "आणि मी आत तिच्या तांदळाच्या डब्याला टेकून बसलेली."

इथे मला गोष्ट गोड करता आली असती. पण पुढच्या सोमवारी आमच्या पाळीनंतर नळ पुन्हा राखेनं घासला गेला. गोदाकाकूंनी नव्हे, हे सांगायला हवं. त्यांनी तो त्यानंतर कधी घासला नाही. बाकीच्यांनी घासला, आणखी बरीच वर्षं. राज्य मिळालं, मुंबई मिळाली, तरीही घासला.

त्या सकाळनंतर नामूकाकांना वाटलं, आता तरी गाडी भंगारात जाईल. आबासुद्धा म्हणाले, जोडून ठेवू, काही महिने अंगणातच राहू दे. मी म्हटलं, "नाही. फौजदार म्हणाला रस्त्यावर दिसली तर. मग रस्त्यावरच दिसू दे." मला अठरा पूर्ण झाली होती. मी लायसन्सच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "कुणाचं काढायचंय?" मी म्हटलं माझं. त्यानं आतल्या दोघांना बोलावून मला दाखवलं. मी तिघांचं हसून होईपर्यंत खिडकीसमोरून हलले नाही. शिकाऊ लायसन्स घेऊनच बाहेर आले.

नवा पिस्टन बसवला की गाडी लगेच पळवायची नसते. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासून बसावे लागतात. पहिले काहीशे मैल वेगाची मूठ थोडीच पिळायची, चढावर ओढायचं नाही, पण रांगतही चालवायची नाही, कारण हे इंजिन वाऱ्यानं थंड होतं. वारा लागला नाही तर तापतं आणि नवा पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. आबांनी हे मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. एका सकाळी आम्ही निघालो. मी पुढे, साडीचा काष्टा मारून. आबा मागे, प्लॅस्टर निघालेला पाय बाजूला ताठ काढून, काठी मांडीवर आडवी. पत्रक एकही नव्हतं. पाने, तेलाचा डबा आणि आईनं बांधून दिलेली भाकरी, बस. आई म्हणाली होती, "जप्त केलीच तर भाकरी आधी खाऊन घ्या."

लालबागच्या नाक्यावर फौजदार होता. त्यानं हात वर केला. मी गाडी त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर उभी केली.

"हीच ती गाडी."

"नंबर तोच आहे," मी म्हटलं. "आतलं बरंच बदललंय."

"बंद कर."

मी बंद केली. त्यानं पिशवी रिकामी केली, भाकरी उलगडून पाहिली, सीट दाबून पाहिली, माझं लायसन्स उलटसुलट वाचलं. गिरणीची पाळी सुटत होती. माणसं थांबायला लागली. कोणीतरी आबांना ओळखलं. "अरे, हा तर आपला गाडीवाला. पाय बरा झाला काय?" आबांनी काठी उंचावली. गर्दी वाढतेय हे फौजदाराला माझ्याआधी कळलं. जप्तीला कारण सापडत नव्हतं आणि जमावबंदीचा हुकूम असताना नाक्यावर जमाव त्याच्यामुळेच झाला होता. तो दात आवळून म्हणाला, "चला. निघा इथून. ताबडतोब."

गरम इंजिन, घट्ट नवा पिस्टन. पहिल्या किकला काही झालं नाही. दुसऱ्याला पाय घसरला आणि पोटरी सोलवटली. मागे बसलेले आबा एक शब्दही बोलले नाहीत. मी किक हळू खाली नेली, अडलं तिथे दांडा दाबला, किंचित पुढे नेली, दांडा सोडला, आणि सगळं अंग त्या एका पायावर टाकलं. ती सुरू झाली. नाक्यावर असा आवाज उठला की मला इंजिनाचा ऐकू येईना.

मी गिअर टाकला. गर्दी बाजूला झाली, पण गेली नाही. परळच्या दिशेनं माणसं घरीच निघाली होती, ती आमच्या बाजूनं चालू लागली. आधी दहावीस, मग रस्ताभर. कोणी घोषणा देत नव्हतं. डबे हातात घेऊन नुसते चालत होते, आणि मध्ये आमची गाडी. फौजदार शिट्टी वाजवत बाजूनं धावत आला. "हळू काय चालवतेस? जोरात घे! पुढे काढ गाडी!"

"नवा पिस्टन आहे साहेब," मी ओरडून सांगितलं. "जोरात चालवता येत नाही."

जवळचे लोक हसले. ते शब्द मागे मागे गेले आणि मागून हसण्याची लाट आली. मग कोणीतरी पहिली घोषणा दिली, आणि अख्ख्या रस्त्यानं तिला उत्तर दिलं. परवानगी नसलेला मोर्चा निघाला होता, आणि त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

पण मला आता वेगळीच काळजी लागली होती. आम्ही माणसाच्या चालीनं जात होतो. वारा लागत नव्हता. दोन्ही गुडघ्यांना सिलिंडरची धग जाणवायला लागली होती, एक्झॉस्टचा पाइप निळा पडत चालला होता. महिनोन्‌महिने गोणपाटावर बसून ज्याच्यासाठी जीव टाकला तो पिस्टन कोणत्याही क्षणी धरला असता. पुढे थोडी वाट मोकळी दिसत होती. तिथून सटकून वेग घेता आला असता. मी मान मागे वळवून म्हटलं, "आबा, इंजिन तापतंय. पुढे काढू का?"

आबांनी दोन्ही बाजूंची माणसं पाहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तापू दे," ते म्हणाले. "अजून हळू घे."

मी मूठ आणखी सैल सोडली.